नियम बदलला म्हणे! केंद्राचं राजपत्र शोधायचं कसं, वाचायचं कसं

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने दर बदलल्याचं जाहीर झालं. मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार, ही बातमी सकाळपर्यंत घरोघरी पोचली. पण ४ सप्टेंबरला पुण्याच्या तपकीर गल्लीत टीव्ही घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला २८ टक्केच भरावे लागणार होते, आणि त्यात दुकानदाराची लबाडी काही नव्हती. नव्या दरांची अधिसूचना (राजपत्र या सरकारच्या अधिकृत प्रकाशनात छापला जाणारा आदेश), केंद्रीय कर (दर) क्रमांक ९/२०२५, निघाली १७ सप्टेंबरला. तिच्यातच लिहिलं होतं की ती २२ सप्टेंबरपासून लागू होईल. घोषणेची तारीख एक, अधिसूचनेची दुसरी, अंमलाची तिसरी. नियमांच्या बाबतीत होणारे बहुतेक घोळ या तीन तारखा एकच समजल्यामुळे होतात.

सोसायटीचे नवे सचिव, भोसरीत छोटा कारखाना चालवणारे, कर सल्लागाराच्या कार्यालयात नुकते रुजू झालेले मदतनीस, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, अशांना पहिल्यांदाच मूळ कागद शोधायची वेळ आली की नेमकं काय करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. वकिली ज्ञान लागत नाही. संगणक, अर्धा तास आणि हिंदी-इंग्रजी वाचायची तयारी एवढं पुरतं. मोबाइलवर राजपत्राची पानं वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा; शक्यतो टाळा.

पायरी १: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे?

ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर तिरंगा आणि अशोकस्तंभ आहे म्हणून तो नियम होत नाही. आधी तो विधेयक आहे, अधिनियम आहे, नियम आहे, मसुदा आहे, परिपत्रक आहे की नुसतं प्रसिद्धिपत्रक, ते ठरवा.

विधेयक म्हणजे प्रस्ताव. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली की तो अधिनियम होतो. पुण्यात याचं ठसठशीत उदाहरण शनिवारवाड्याभोवती आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधकाम, ही २०१० च्या दुरुस्तीने पक्की झालेली तरतूद. मनाईच्या पट्ट्यात केंद्राच्या सार्वजनिक कामांना मुभा देणारं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत ते पार पडलं नाही, म्हणजे कायदा झालाच नाही. तरीही ‘शंभर मीटरचा नियम शिथिल झाला’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. त्यांनी वाचलेली बातमी खरी होती, ती फक्त अर्ध्या वाटेवरची होती.

अधिनियम मोठी चौकट देतो. तपशील नियमांत असतो: कोणता अर्ज, किती शुल्क, किती दिवस. नियम मंत्रालय करतं. सेबी, एफएसएसएआय, यूजीसी यांसारख्या वैधानिक संस्था करतात ते विनियम. दोन्ही राजपत्रात यावे लागतात.

परिपत्रक आणि कार्यालयीन ज्ञापन हे खात्याने आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेले आदेश असतात. ते राजपत्रात बहुधा येत नाहीत, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. परिपत्रक नियमाचा अर्थ समजावू शकतं, पण नियमात नसलेलं नवं ओझं नागरिकावर टाकू शकत नाही. खिडकीवर कोणी ‘वरून परिपत्रक आलंय’ म्हणालं तर क्रमांक आणि तारीख विचारावी. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. क्रमांक सांगता येत नसेल तर परिपत्रक त्यांनीही वाचलेलं नसण्याची शक्यता बरीच.

प्रसिद्धिपत्रक, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) बातमी, शोधाची सुरुवात म्हणून उत्तम. ते मराठीतही निघतं आणि त्यात मंत्रालयाचं नाव आणि तारीख मिळते. पण त्याच्या आधारावर बिल फाडू नका, दंडही भरू नका.

पायरी २: बदल कोणी केला? दिल्ली, मुंबई की महापालिका?

पुण्यात याच पायरीवर सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून इथे जरा थांबू.

हेल्मेट घ्या. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली आणि विनाहेल्मेट दंड १,००० रुपये झाला. पण त्याच अधिनियमाच्या कलम २०० नुसार जागेवर मिटवायच्या प्रकरणांचं तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवतं, आणि महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये नव्याने ठरवलं. म्हणून ई-चलनावरचा आकडा केंद्राच्या कायद्यातल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. आकडा तपासायला राज्याची अधिसूचना बघावी लागते.

उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीचंही तसंच. पट्टी कशी असावी हे केंद्रीय नियमांत आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या वाहनांना ती कधीपर्यंत बसवायची, ही मुदत मात्र राज्याच्या परिवहन खात्याने दिली आणि ती अनेकदा वाढवली. या मुदतवाढीचा कागद केंद्राच्या राजपत्रात शोधत बसलात तर दिवस जाईल, हाती काही लागणार नाही.

जीएसटीत दोन्ही सरकारं असतात. केंद्राने दराची अधिसूचना काढली की महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियमाखाली राज्याचा वित्त विभाग जोडीची अधिसूचना काढतो. येरवड्याच्या जीएसटी भवनाशी, म्हणजे राज्याच्या खात्याशी, पत्रव्यवहार करताना दोन्ही क्रमांक लिहा. ससून रस्त्यावरचं कार्यालय केंद्राचं. तिथे केंद्राचा क्रमांक पुरतो.

पुणे, खडकी आणि देहूरोड ही छावणी (कॅन्टोन्मेंट) क्षेत्रं संरक्षण मंत्रालयाखाली येतात. तिथल्या घरमालकांना छावणी अधिनियम, २००६ लागू आहे. रस्त्याच्या या बाजूला महापालिकेचा नियम आणि त्या बाजूला दिल्लीचा, अशी स्थिती काही ठिकाणी अक्षरशः आहे. पत्ता छावणीचा असेल तर महापालिकेची परिपत्रकं बाजूला ठेवा.

राज्याचा कागद ओळखणं सोपं. शासन निर्णयाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं की तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक संकेतांक शासन निर्णयांच्या पानावर टाकून बघा. निर्णय उघडला तर खरा. न उघडल्यास एखादा आकडा चुकला नाही ना ते तपासा, आणि तरीही न सापडल्यास पीडीएफवर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र शासन राजपत्र वेगळं, त्याची पुणे विभागीय पुरवणीही वेगळी. नाव बदलण्यासाठी महाराष्ट्रातले लोक बहुधा याच राज्याच्या राजपत्रात जाहिरात देतात. केंद्राच्या राजपत्राशी त्याची गल्लत होते.

पायरी ३: केंद्राच्या राजपत्रात शोध

केंद्राचं राजपत्र ऑक्टोबर २०१५ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघतं. ते ई-गॅझेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं. पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असायला हवा. पाच-पन्नास रुपये मागणारी खासगी संकेतस्थळं तीच पीडीएफ विकतात.

शोधताना चार रकाने भरावे लागतात. मंत्रालय आणि विभाग, साप्ताहिक की असाधारण, भाग-खंड, आणि तारीख. साप्ताहिक अंक शनिवारी निघतो. लोकांना ज्याच्याशी काम पडतं ते जवळपास सगळं असाधारण अंकात येतं, जो कोणत्याही दिवशी आणि कोणत्याही वेळी निघू शकतो.

भाग-खंडांपैकी एवढे लक्षात ठेवा. भाग २, खंड १ मध्ये अधिनियम. खंड २ मध्ये विधेयकं. खंड ३, उपखंड (i) मध्ये नियम आणि सर्वसाधारण स्वरूपाचे आदेश. त्यांच्या क्रमांकाआधी ‘सा.का.नि.’ किंवा ‘जी.एस.आर.’ असतं. उपखंड (ii) मध्ये वैधानिक आदेश आणि अधिसूचना, त्यांना ‘का.आ.’ किंवा ‘एस.ओ.’ लागतं. खंड ४ संरक्षण मंत्रालयाचा, छावणीवाल्यांनी तो विसरू नये. आणि भाग ३, खंड ४ मध्ये वैधानिक संस्थांचे विनियम. क्रमांकानंतरच्या कंसातला ‘अ’ किंवा ‘ई’ म्हणजे असाधारण अंक.

सरावासाठी वरचीच दरांची अधिसूचना शोधा: वित्त मंत्रालय, महसूल विभाग, असाधारण, भाग २, खंड ३, उपखंड (i), १७ सप्टेंबर २०२५. एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच अधिसूचना समोर येतील, कारण त्या दिवशी केंद्रीय कर, एकात्मिक कर आणि केंद्रशासित प्रदेश कर अशा तिन्ही अधिनियमांखाली वेगवेगळ्या निघाल्या. पहिली दिसेल ती उघडून काम सुरू केलंत तर तुम्ही दाखवलेला क्रमांक चुकेल. शीर्षकात ‘केंद्रीय कर’ आहे ना, ते बघूनच उघडा.

काहीच सापडत नसेल तर कारणं साधारण हीच असतात. अधिसूचनेवरची तारीख आणि प्रकाशनाची तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक असतो, म्हणून आठवड्याचा कालावधी द्या. मंत्रालय बरोबर पण विभाग चुकतो. वित्त मंत्रालयातच महसूल, आर्थिक व्यवहार, वित्तीय सेवा असे वेगवेगळे विभाग आहेत. किंवा उपखंड (i) ऐवजी (ii) हवा असतो. विषयाचे शब्द टाकून शोधण्यावर फार भिस्त ठेवू नका. मंत्रालय आणि तारखेने शोधलेलं बरं.

पीडीएफच्या माथ्यावर राजपत्राचा ओळखक्रमांक असतो: सी.जी.-डी.एल.-ई., मग आठ अंकी तारीख, मग एक अनुक्रमांक. सी.जी. म्हणजे केंद्राचं राजपत्र, डी.एल. म्हणजे दिल्ली, ई. म्हणजे असाधारण. आठ अंक ही प्रकाशनाची तारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. ग्रुपवर आलेल्या पीडीएफची खात्री करायची तर हा ओळखक्रमांक ई-गॅझेटवर टाका आणि तिथली प्रत स्वतः उतरवून घ्या. ग्रुपवरची प्रत पुढे वापरूच नका; मधलं एखादं पान गाळलेलं असलं तरी ते कळत नाही.

पायरी ४: पान कुठून वाचायचं

राजपत्रात आधी हिंदी मजकूर असतो, मग इंग्रजी. मराठी नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे अधिकृत मजकूर इंग्रजीच धरला जातो, म्हणून हिंदीवरून अर्थ समजून घ्या आणि शब्दांचा कीस इंग्रजीवर पाडा.

माथ्यावर इसवी तारखेशेजारी भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीखही असते, उदाहरणार्थ १७ सप्टेंबर २०२५ म्हणजे भाद्र २६, १९४७. ही आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी नव्हे, गोंधळू नका.

पहिला परिच्छेद लोक सोडून देतात, आणि खरं तर निम्मी माहिती तिथेच असते. कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाने मिळालेला अधिकार वापरून हा नियम केला, ते तिथे लिहिलेलं असतं. ते कलम मूळ अधिनियमात वाचा. अधिकार ‘शुल्क ठरवण्याचा’ असेल आणि नियम भलतंच काही बंधन घालत असेल, तर तिथे शंका घ्यायला जागा आहे. आधी मसुदा निघाला होता का, हरकती मागवल्या होत्या का, हेही याच परिच्छेदात सांगितलेलं असतं.

मग नियम १. त्यात नाव आणि अंमलाची तारीख. त्यानंतर प्रत्यक्ष बदल. दुरुस्ती नियमांची भाषा ठरलेली असते: अमुक मजकुराऐवजी तमुक दाखल करण्यात येईल, अमुक समाविष्ट करण्यात येईल, अमुक वगळण्यात येईल. पूर्ण नियम पुन्हा छापत नाहीत. त्यामुळे दुरुस्ती एकटी वाचून काहीच कळत नाही आणि नवख्या माणसाला वाटतं आपलीच बुद्धी कमी पडते.

शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरांत टीप असते: मूळ नियम कोणत्या क्रमांकाने कधी प्रसिद्ध झाले आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या क्रमांकाने झाली. अख्ख्या कागदातली सर्वांत उपयोगी ओळ हीच. या टिपेवरून मागे मागे जात तुम्हाला सगळी साखळी मिळते.

अटी वाचताना ‘कोणाला’ हा शब्द शोधा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पासपोर्ट नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘आता जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट नाही’ असे संदेश फिरले. नियम असा आहे की १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालेल. त्याआधी जन्मलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड असे इतर पुरावे चालू आहेत. म्हणजे मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तान्ह्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी महापालिकेचा दाखला आधी काढावा. आजोबांच्या जन्मदाखल्यासाठी गावाला धावण्याचं कारण नाही. ही १ ऑक्टोबर २०२३ तारीख तरी कुठून आली? जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातली २०२३ ची दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली म्हणून. एका कायद्याची तारीख दुसऱ्या नियमात अशी उतरते.

पायरी ५: लागू कधीपासून?

ग्यानबाची मेख इथे आहे.

सोपा प्रकार: ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून’. इथे तारीख ओळखक्रमांकातली धरायची, सहीजवळची नव्हे. तासाचाही प्रश्न उभा राहू शकतो. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी ई-गॅझेटवर चढली. त्याच दिवशी, पण त्याआधी कागदपत्रं सादर केलेल्या आयातदारांकडून नवं शुल्क मागितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये, जी. एस. छठा राइस मिल्स प्रकरणात, ते नाकारलं: अधिसूचना चढण्याआधी पूर्ण झालेल्या व्यवहाराला जुनाच दर.

दुसरा प्रकार: नियमातच पुढची तारीख दिलेली असते, जसं जीएसटीत २२ सप्टेंबर. नवा आयकर अधिनियम, २०२५ याला राष्ट्रपतींची संमती २१ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली, पण त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. आधीच्या वर्षांच्या प्रकरणांना १९६१ चाच कायदा.

तिसरा प्रकार फसवा: ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवेल त्या तारखेपासून’. म्हणजे आणखी एक कागद यायचा आहे. वेतन संहितेला संमती ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाली, उरलेल्या तीन कामगार संहितांना सप्टेंबर २०२० मध्ये. चारही लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात पुण्यात या संहितांवर किती कार्यशाळा झाल्या असतील ते औद्योगिक पट्ट्यातल्या मनुष्यबळ विभागांना विचारा. आणि लागू झाल्यावरही गाडं पूर्ण हललं असं नाही. भोसरी-चाकणच्या बहुतेक खासगी कारखान्यांसाठी ‘समुचित शासन’, म्हणजे या संहितांखाली अधिकार असलेलं सरकार, राज्य सरकार असतं, म्हणून बरेच नियम राज्याचे लागतात. नवे नियम येईपर्यंत जुने नियम, नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २४ मुळे चालू राहतात. जुन्या नोंदवह्या रद्दीत टाकायची घाई नको.

चौथा प्रकार, टप्प्याटप्प्याने. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मंडळ स्थापण्यासारख्या तरतुदी लगेच, संमती व्यवस्थापकांची (लोकांच्या वतीने त्यांच्या संमतीचा कारभार सांभाळणाऱ्यांची) नोंदणी एका वर्षाने, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. हिंजवडीतल्या एखाद्या छोट्या कंपनीला ‘उद्याच दंड होईल’ असं सांगून सेवा विकणारा सल्लागार यातला एकच टप्पा सांगत असतो.

अधिनियमात अंमलाबद्दल एक अक्षरही नसेल तर? मग सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळेल तोच दिवस.

अंमल सुरू झालेला असला तरी शुद्धिपत्र निघालं आहे का आणि न्यायालयाची स्थगिती आहे का, ते बघून घ्या. शुद्धिपत्रही राजपत्रातच येतं, बहुधा काही दिवसांत. पुणे जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई पीठाकडे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या पीठाच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही.

पायरी ६: जोडमजकूर, म्हणजे सगळ्या दुरुस्त्या घातलेला मजकूर, तयार करा

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून मूळ अधिनियम आणि नियम घ्या. तिथला मजकूर कधी कधी ताज्या दुरुस्तीच्या मागे असतो, म्हणून तळटिपांत शेवटची दुरुस्ती कोणती धरली आहे ते बघा. मग राजपत्रातल्या अंतिम टिपेशी ताडून, राहिलेल्या दुरुस्त्या एकेक करून घाला. वगळलेलं खोडा, पुसू नका. नवं वेगळ्या रंगात लिहा. समासात क्रमांक आणि अंमलाची तारीख टाका. परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारा अपवाद) आणि स्पष्टीकरण कुठल्या उपनियमाला जोडलेलं आहे ते नीट बघा. परंतुक चुकीच्या उपनियमाखाली चिकटवलं की सवलत भलत्यालाच मिळते.

दुसऱ्याच कायद्याच्या पोटात दडलेले बदल असे शोधून सापडत नाहीत. विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४ ने माहिती अधिकार अधिनियमाचं वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतचं कलम ८(१)(ञ) बदललं. जन विश्वास अधिनियम, २०२३ ने एका फटक्यात ४२ अधिनियम बदलले, आणि वेगवेगळ्या अधिनियमांतल्या बदलांच्या तारखाही वेगवेगळ्या. म्हणून ज्या कायद्याशी तुमचं रोजचं काम आहे त्याचं नाव ‘दुरुस्ती’ या शब्दासह महिन्यातून एकदा शोधत जा.

पायरी ७: खिडकीवर

नियम बदलला तरी अर्जाचा नमुना आणि पोर्टल मागे राहतं. खिडकीवरचा माणूस पोर्टल स्वीकारील तेच करणार. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. अधिसूचनेचं पहिलं पान, तुमच्या कामाचा नियम असलेलं पान आणि सहीचं पान, अशी तीन पानं छापून न्या. पंचवीस पानांचा गठ्ठा कोणी वाचत नाही. काम झालं नाही तर अर्ज लेखी द्या, त्यात सा.का.नि. क्रमांक, तारीख आणि नियम क्रमांक लिहा, आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. ‘साहेब उद्या या म्हणाले’ याला पुरावा नसतो, शिक्क्याला असतो.

पायरी ८: मसुदा असेल तर हरकत नोंदवा

मोटार वाहन नियमांसारख्या बाबतीत मसुदा आधी प्रसिद्ध करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सर्वसाधारण मुदत ३० दिवस, पर्यावरण खात्याच्या मसुद्यांना ६० दिवस. मुदत मोजली जाते ती राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून, आणि ‘पासून’ म्हटलं की तो पहिला दिवस धरत नाहीत.

मसुदा कायदा नसतो. पश्चिम घाट पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला; सहा राज्यांतलं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात मुळशी, मावळ, भोरमधली गावंही. पहिला मसुदा २०१४ चा. दर वेळी मुदत संपते आणि पुन्हा नवा मसुदा येतो. मात्र ‘मसुदाच आहे, काही लागू नाही’ असं समजून तिथे खाणीचं किंवा मोठ्या प्रकल्पाचं गणित मांडू नका: नोव्हेंबर २०१३ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम ५ खाली वेगळे निर्देश दिले गेले आहेत. मसुद्याच्या शेजारी दुसरा जिवंत आदेश असू शकतो.

हरकत एका पानात मावेल अशी लिहा. वर मसुद्याचा क्रमांक आणि तारीख. मग नियमाचा क्रमांक, प्रस्तावित शब्द जसेच्या तसे, त्यातून होणारी अडचण आकड्यांसह, आणि तुम्हाला हवे असलेले पर्यायी शब्द. एका परिच्छेदात एकच नियम. ‘हा जुलमी कायदा मागे घ्या’ अशा शंभर पत्रांची मोजणी होते. ‘नियम ४(२) मध्ये ७ ऐवजी २१ दिवस करा, कारण अमुक प्रमाणपत्र मिळायलाच १५ दिवस लागतात’ या एका पत्रावर टिपणी लिहावी लागते. मसुद्यात दिलेल्या ईमेलवर पाठवा आणि प्रत जीपीओतून स्पीड पोस्टने. पोचपावती आणि पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत एकत्र ठेवा.

अंतिम नियम आले आणि तुमच्या हरकतीचं काय झालं हे कळलं नाही, तर माहिती अधिकार वापरा. केंद्रासाठी ऑनलाइन अर्ज, शुल्क १० रुपये, मजकूर ५०० शब्दांपर्यंत, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज असेल तर मर्यादा १५० शब्दांची आणि विषय एकच. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. अर्जात ‘हरकती कोणी पाठवल्या’ असं विचारू नका. कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली तो नाकारणं सोपं झालं आहे. हरकतींची एकूण संख्या, नियमनिहाय वर्गवारी आणि त्यांवरच्या फाइलवरील टिपण्यांच्या प्रती मागा.